सोसायटीतर्फे मयत

विमानतळ आमच्या सोसायटीच्या इतका जवळ आहे की इथलं मूल बोलायला शिकतं तेव्हाच मधे थांबायलाही शिकतं. डोक्यावरून विमान जाईपर्यंत वाक्य तोंडात धरून ठेवायचं आणि ते गेलं की पुढचा शब्द सोडायचा. आमच्याकडे नवरा-बायकोची भांडणंसुद्धा हप्त्याहप्त्याने होतात. नव्याने आलेल्या पाहुण्यांना वाटतं, ही माणसं काय विचार करून बोलतात! खिडक्यांच्या काचा थरथरतात, वाळत घातलेल्या कपड्यांना रॉकेलसारखा वास येतो आणि टीव्हीवरच्या मालिकेत खून कुणी केला ते सांगायची वेळ आली की नेमकं विमान येतं. एवढं सगळं आम्ही वर्षानुवर्षं सोसतोय आणि त्या विमानतळावर आमच्या सोसायटीतला एक माणूस नोकरीला नाही. साधा ट्रॉल्या ढकलणारासुद्धा गावाबाहेरून येतो. आवाज आमच्या वाट्याला आणि पगार परक्याच्या, हा कुठला न्याय? मला हे सलत होतं आणि मी ते सोसायटीच्या सभेत बोलून दाखवलं. तिथेच माझं चुकलं. सभेत जो तोंड उघडतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, हे पाणीपुरवठा खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं.

खरं सांगू? तरुण पिढीला मार्गदर्शन वगैरे माझ्या डोक्यात नव्हतंच. तरुण पिढी लिफ्टचं दार उघडं टाकून जाते, तिला मी कशाला मार्गदर्शन करू? मला काळजी होती माझ्या भाचीची. माझी बहीण आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहते. तिच्या यजमानांचं कोपऱ्यावर नळ-फरशांचं दुकान आहे आणि त्यांची ही एकुलती एक लेक. तान्ही असताना रडायला लागली की चार इमारतींना ऐकू जायचं म्हणून सगळे तिला टिटवी म्हणतात. टिटवीला विमानतळावर नोकरी करायची होती. तुम्हाला वाटतेय तशी नाही. हवाईसुंदरी नाही, तिकिटांचं काउंटर नाही. तिला तिथल्या अग्निशमन दलात जायचं होतं. विमानाला काही झालं तर ज्या दांडग्या लाल गाड्या धावत जातात ना, त्यांच्यावर. त्यासाठी ती पाण्याने भरलेले कॅन दोन्ही हातांत धरून रोज गच्चीपर्यंत चढ-उतार करायची. आमची लिफ्ट बंद असली की अख्खी इमारत तिच्या ध्येयाचं कौतुक करायची.

भाऊजींना हे पसंत नव्हतं. "हे बघा, मी काही मागासलेल्या विचारांचा नाही," असं ते म्हणाले. माणूस असं म्हणाला की पुढे काय येणार ते ओळखावं. "पण पोरीच्या जातीने आगीत उडी घ्यायची म्हणजे काय? तिथे पोरींना घेतात तरी का? तिथला एखादा साहेब माझ्या तोंडावर सांगू दे, की घेतो, आणि तुमची मुलगी या कामाची आहे. मग मी आडवा येणार नाही. नाहीतर दुकानातला माणूस सोडून चाललाय. तिने गल्ल्यावर बसायचं."

"साहेबाने तोंडावर सांगितलं तर?" मी विचारलं.

"शब्द म्हणजे शब्द."

भाऊजी फरशी विकताना तुटकी फरशी बदलून देत नाहीत, पण दिलेला शब्द बदलत नाहीत, हे मला माहीत होतं. म्हणजे एक साहेब पकडून भाऊजींच्या तोंडासमोर उभा करायचा, एवढंच काम होतं. तेवढ्यासाठी अख्खी तरुण पिढी गोळा करावी लागली, कारण एका मुलीला घेऊन गेलं तर त्याला वशिला म्हणतात आणि पंचवीस मुलांना घेऊन गेलं तर उपक्रम.

उपक्रम म्हटल्यावर सल्ले आले. आमचे सेक्रेटरी म्हणाले, आधी बॅनर करा. बॅनरवर कोणाचा फोटो, यावर पाऊण सभा गेली. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "आमच्या बाळला पायलटच्या बाजूला बसवून आणा म्हणजे झालं, बाकी त्याचं तो बघेल." बाळला चष्मा आहे, दाढी आहे, आणि तीन वर्षांपासून तो 'स्पर्धा परीक्षा बघतोय', म्हणजे लांबूनच बघतोय. कुणी म्हणालं, मुलांना सँडविच द्या. कुणी म्हणालं, मुलांना नको, साहेबांना द्या. आमची ही फक्त एवढंच म्हणाली, "तुम्ही टोपी घेऊन जा. उन्हात तुम्हाला गरगरतं." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोचा सल्ला कोण ऐकतो?

विमानतळाच्या जनसंपर्क कार्यालयात एक बाई संगणकामागे बसल्या होत्या. मी सगळं नीट सांगितलं. स्थानिक युवक, करिअरची माहिती, वेगवेगळे विभाग बघणं. त्यांनी विचारलं, "मुलं कितवीत आहेत?"

"मोठी आहेत. कॉलेज झालेली."

"मग भेट देता येणार नाही. भेट चौथीपर्यंतच्या मुलांना असते. कारंजं दाखवतो आणि फुगा देतो."

मी म्हटलं, आमच्या मुलांना फुगा नको, नोकरी कशी मिळते ते हवंय. तर त्यांनी मला मनुष्यबळ विभागात पाठवलं. तिथला तरुण मान वर न करता म्हणाला की सगळं वेबसाइटवर आहे. वेबसाइटवर 'करिअर' या शब्दाखाली 'हे पान लवकरच येत आहे' असं लिहिलं होतं, आणि ते तसं बऱ्याच काळापासून येत असावं. मग सुरक्षा विभाग. ते म्हणाले, आत जायला पास लागतो, पासाला कारण लागतं, आणि कारण आमच्या संगणकातल्या कारणांपैकीच हवं. मी त्यांना म्हटलं, वाचून दाखवा. दुरुस्ती, पुरवठा, तपासणी, झाडलोट, पक्षी हुसकावणे. आमची मुलं पक्षी हुसकावायलासुद्धा तयार होती, पण त्याचं टेंडर निघून गेलं होतं. मी खात्यात असताना लोकांना या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवायचो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय असायचं ते मला कधी नीट दिसलं नव्हतं. आता पासाच्या खिडकीच्या काचेत माझ्याच चेहऱ्यावर दिसलं.

मी हात टेकणार एवढ्यात आपत्कालीन विभागातून फोन आला. बोलणारे गृहस्थ भलतेच गोड. पुढे त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी लटकलेली बघितल्यावर आम्ही त्यांना शिट्टीसाहेब म्हणायला लागलो. ते म्हणाले, "तुमच्याकडे पंचवीस तरुण आहेत असं कळलं. आमचा मोठा वार्षिक सराव आहे. विमान कोसळलंय असं समजून सगळ्या यंत्रणा धावतात. जखमी व्हायला जे कॉलेज येणार होतं त्यांची परीक्षा आली. तुमची मुलं जखमी होतील का?"

मी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं.

"खोटं खोटं हो! रंग लावतो. आणि बघा, अग्निशमन, रुग्णवाहिका, सुरक्षा, नियंत्रण कक्ष, सगळे विभाग एकाच जागी बघायला मिळतील. याहून चांगलं करिअर मार्गदर्शन कुठलं?"

मी लगेच टिटवीचा विषय काढला. तर ते म्हणाले, स्थानिक मुलांमधून अग्निशमनाला थोडे प्रशिक्षणार्थी घ्यायचेच आहेत, मुलीही घेतो, आणि शिफारस मीच करतो. "सरावात चांगलं काम केलं तर तिच्या वडिलांना मी स्वतः सांगेन." मला फोनमधून हात घालून त्यांचे पाय धरावेसे वाटले. त्या दिवशी मी टिटवीला निरोप दिला तेव्हा तिने आनंदाने आरोळी ठोकली आणि चार इमारतींतून लोक गॅलरीत आले.

आता जखमा वाटायच्या होत्या. शिट्टीसाहेबांनी गळ्यात घालायच्या चिठ्ठ्या पाठवल्या. हिरवी म्हणजे किरकोळ जखमी, पिवळी म्हणजे मध्यम, लाल म्हणजे गंभीर आणि काळी म्हणजे संपलेला. मला वाटलं, हे काम पाच मिनिटांचं. अहो, सोसायटीत पार्किंगच्या जागा वाटताना जेवढी भांडणं झाली नव्हती तेवढी या जखमा वाटताना झाली. लाल चिठ्ठीवाल्यांना रुग्णवाहिकेतून नेणार असं कळल्यावर सगळ्यांनाच गंभीर व्हायचं होतं. वहिनी खाली येऊन म्हणाल्या, "पहिल्या मजल्यावरच्यांच्या मुलाला डोक्याला मार आणि आमच्या बाळला नुसतं खरचटलेलं? आम्ही मेन्टेनन्स कमी भरतो का?" बाळला मांडीचं हाड मोडून दिलं तेव्हा कुठे त्या परत वर गेल्या. फक्त टिटवीने हिरवी मागून घेतली. "मामा, हिरवीवाल्यांना बसवून ठेवतात. मला गाड्या कशा लागतात ते नीट बघता येईल."

काळ्या चिठ्ठ्या मात्र कोणी घेईना. कुठले आईबाप आपल्या पोराच्या गळ्यात ती अडकवू देतील? सेक्रेटरी म्हणाले, "मयत झालाच नाही असं दाखवा." शिट्टीसाहेब म्हणाले, मयताशिवाय सराव ग्राह्य धरत नाहीत, निदान एक तरी द्या. सभा बोलावली. सभेत सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं की नैतिकदृष्ट्या आयोजकाने मरावं. दुसरा म्हणाला, वयाच्या दृष्टीनेही तेच बरं दिसेल. ठराव एकमताने मंजूर झाला. माझ्या बाजूने बोलायला बायकोसुद्धा उठली नाही. मी या सोसायटीसाठी टाकीच्या गळतीपासून गांडूळखतापर्यंत काय काय केलं, पण एकमत झालं ते एवढ्या एकाच बाबतीत.

सरावाच्या सकाळी धावपट्टीच्या पलीकडच्या मैदानात एक जुनी बस उभी होती. ते विमान. बहीण आणि भाऊजी दुकान बंद ठेवून आले होते आणि दोरीच्या बाहेर, पालकांसाठी मांडलेल्या खुर्च्यांवर पहिल्या रांगेत बसले होते. शिट्टीसाहेबांनी आम्हा सगळ्यांना गोळा करून सूचना दिल्या. आपापली जागा सोडायची नाही. कण्हायचं, पण शिव्या द्यायच्या नाहीत. आणि कुणाला खरोखरच काही झालं, तर त्याने हात वर करून 'सराव नाही' असं ओरडायचं, म्हणजे सगळं तिथल्या तिथे थांबवतात.

मी विचारलं, "मयतानेसुद्धा?"

"मयताने बोलायचं नाही."

"पण मयताला खरंच काही झालं तर?"

"मयताला काय होणार?" शिट्टीसाहेब हसले, मुलं हसली, खुर्च्यांवरचे पालकही हसले. मीही हसलो, कारण सगळे हसत असताना आपण तोंड पाडून उभं राहिलं की माणूस चिडका दिसतो.

माझ्या कपाळावर लाल रंग ओतला, गळ्यात काळी चिठ्ठी अडकवली आणि मला बसपासून थोडं लांब, सिमेंटवर उताणं झोपवलं. विमानातून बाहेर फेकला गेलेला प्रवासी. सकाळी हिनेच डोक्यावर घातलेली टोपी काढून घेतली, मयत टोपी घालत नाही म्हणून. धूर सोडला, भोंगा वाजला, आणि मग बराच वेळ काहीच नाही. लाल गाडीचा चालक फाटकाशी अडकला होता, कारण फाटकावरच्या पहारेकऱ्याला गाडीच्या पासाचं कारण संगणकात सापडत नव्हतं. माझ्या पाठीखाली सिमेंट तापत चाललं होतं. एक माशी माझ्या कपाळावरच्या रंगाची चव घेत बसली होती आणि मी तिला हाकलू शकत नव्हतो. पोरं मात्र रंगात आली होती. बाळ मांडी धरून अशा किंकाळ्या मारत होता की वहिनी खुर्चीवरून 'बास रे, घसा बसेल' म्हणून ओरडल्या.

गाड्या एकदाच्या आल्या. पाण्याचे फवारे उडाले. जवान माझ्या बाजूने धावत गेले. एकजण थबकला, वाकला, माझी चिठ्ठी बघितली आणि पुढे गेला. सांगतो तुम्हाला, आपल्या गळ्यातला रंग बघून माणूस आपल्याला ओलांडून जातो ना, तेव्हा आतून काहीतरी थंड पडतं, मग ते खोटं खोटं का असेना. मला ओरडायचं होतं. पण आयोजक मीच, सराव बिघडला तर टिटवीचं काय? म्हणून दात दाबून पडून राहिलो. मग आभाळ आधी पिवळं झालं, मग हिरवं, आणि पुढचं मला आठवत नाही.

पुढचं मला बहिणीने सांगितलं. टिटवी हिरवीवाल्यांत बसली होती. तिला माझी छाती हलताना दिसत होती ती जरा वेगळीच हलायला लागली, आणि माझा हात वाकडा पडला. तिने आधी शेजारच्या जवानाला सांगितलं. तो म्हणाला, काळी आहे ती, शेवटी. मग ती उठली. धावत माझ्यापाशी आली, माझ्या तोंडावर पाणी मारलं आणि हात वर करून तिच्या त्या आवाजात ओरडली, "सराव नाही! सराव नाही!"

आता हे ऐकून सगळं थांबायला हवं होतं. पण आमच्या सोसायटीतल्या पोरांना वाटलं, हाही नाटकाचाच भाग. जो तो हात वर करून 'सराव नाही, सराव नाही' ओरडायला लागला. पिवळे ओरडले, लाल ओरडले, एक बेशुद्ध होता तोही उठून ओरडला. शिट्टीसाहेब जोरजोरात शिट्टी फुंकत होते. "हिरवी! ए हिरवी! खाली बस! मयत उचलायचा नाही! मयत शेवटी!" टिटवीने ऐकलं नाही. काखेत हात घालून तिने मला एकटीने फरफटत रुग्णवाहिकेपर्यंत नेलं. पाण्याचे कॅन गच्चीवर नेल्याचा तेवढा उपयोग झाला. रुग्णवाहिकेत बाळ आडवा पडला होता. तो उतरायला तयार होईना. म्हणे, माझा नंबर आहे, मी गंभीर आहे. टिटवीने त्याला मोडक्या मांडीला धरून खाली ओढलं.

मी शुद्धीवर आलो तेव्हा रुग्णवाहिकेतच होतो, हाताला सलाईन होतं आणि डॉक्टर म्हणत होते, "अजून जरा उशीर झाला असता तर अवघड होतं, आजोबा." मला आजोबा म्हटल्याचा राग आला, म्हणजे मी ठीक होतो. बाहेरून शिट्टीसाहेबांचा आवाज येत होता. ते भाऊजींच्या अगदी तोंडासमोर उभे राहून बोलत होते. याच क्षणासाठी मी एवढा आटापिटा केला होता. "तुमची मुलगी या कामाची नाही. सूचना पाळता येत नाहीत तिला. आमच्याकडे शिस्त लागते. स्वतः हात वर करायचा असा नियम आहे, दुसऱ्याच्या वतीने नाही. बाहेरचे तपासनीस आले होते, त्यांच्यासमोर सगळा सराव नासवला."

भाऊजींनी टिटवीकडे बघितलं. ती ओल्या अंगाने, पायाला खोटं रक्त लावलेली, रुग्णवाहिकेच्या चाकाशी उभी होती. त्या पोरीला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. भाऊजी म्हणाले, "सोमवारपासून दुकान," आणि चालायला लागले. शब्द म्हणजे शब्द.

मी घरी येऊन पहिलं काम केलं ते तक्रार लिहायचं. ती एक गोष्ट मला येते. अर्ज, त्याच्या प्रती, वर प्रती, खाली प्रती. मला माफी हवी होती, आणि माफीपेक्षा टिटवीचं नाव परत हवं होतं. हे कळल्यावर शिट्टीसाहेब स्वतः माझ्या घरी आले, तेही बिस्किटांचा पुडा घेऊन. शिट्टी त्यांनी शर्टात टाकली होती.

"काका," ते म्हणाले. मी आता काका झालो होतो. "असं बघा. तुम्हाला खरंच चक्कर आली असेल, तर जिवंत माणूस आमच्यासमोर मरायला टेकला आणि आम्ही त्याला ओलांडून गेलो, असं होतं. मग सराव नापास. परत सगळं करायचं, चौकशी, वरून मला जाब. आणि सराव नापास म्हणजे तुमच्या मुलांची प्रमाणपत्रंही गेली."

"आणि मला चक्कर आलीच नव्हती असं म्हटलं तर?"

"तर तुम्ही अभिनय केला. फार सुंदर केला. मुलगी फसली. तिने 'गैरसमज झाला, पुन्हा असं होणार नाही' असं एक माफीपत्र दिलं, की मी तिच्या वडिलांना येऊन सांगतो. शिफारसही करतो. चुकून शिकलेली मुलं आम्हाला चालतात."

मी त्यांना जिना दाखवला. पण ते खाली उतरेपर्यंत बातमी वर चढली होती. सेक्रेटरी आले. वहिनी आल्या. "तुमच्या एका चक्करेपायी आमच्या बाळचं प्रमाणपत्र अडकवणार तुम्ही?" सेक्रेटरी म्हणाले, "आणि खरं सांगायचं तर मीही बघत होतो. मला तरी अभिनयच वाटला." तिकडे डॉक्टरांना फोन केला, तर त्यांना आता नीट आठवत नव्हतं. म्हणाले, सरावात सगळेच बेशुद्ध असतात. म्हणजे मी बेशुद्ध पडलो होतो याला साक्षीदार मी एकटा, आणि मी तर बेशुद्ध होतो. आमची ही तेवढी म्हणाली, "हे मरत होते. मला माहीत आहे. टोपी घरी राहिली असती तर मी यांनाच दोष दिला असता, पण टोपी नेली होती." बायकोचीच साक्ष ती, कोण धरतो?

टिटवीला मी हे सांगणार नव्हतो. पण भिंतींना कान असतात आणि आमच्या भिंती तर पातळ. संध्याकाळी ती दुकानातून सरळ वर आली. हाताला सिमेंटची पूड लागलेली.

"मामा, मी देते लिहून."

"काय लिहून देतेस? तू माझा जीव वाचवलास, त्याची माफी मागतेस?"

"त्याचीच मागायची आहे ना? मागते. पण तुम्हीही सांगायला लागेल की तुम्ही नाटक करत होता. नाहीतर माझं लिहिलेलं खोटं पडेल."

"मी मरेन, पण हे सांगणार नाही!"

"मामा," ती म्हणाली, "मला नळ नाही विकायचे हो." आणि ती रडली. आवाज न करता रडली, चार इमारती सोडा, स्वयंपाकघरात हिला ऐकू गेलं नाही. मी पेनाला टोपण लावलं आणि ती तक्रार, माझ्या आयुष्यातली सर्वांत उत्तम तक्रार, तिच्यासमोर फाडली.

सत्कार समारंभ विमानतळाच्या सभागृहात झाला. कारंज्याच्या बाजूला, तिथेच. बाहेर बॅनर होता आणि त्यावर सेक्रेटरींचा फोटो होता. मुलांना प्रमाणपत्रं मिळाली. बाळने स्वतःचं चार वेळा वाचलं. मला चषक दिला. 'उत्कृष्ट मृत' असं त्यावर कोरलं होतं. शिट्टीसाहेबांनी भाषणात सांगितलं की काकांनी इतका जिवंत मृत्यू उभा केला की आमचे प्रशिक्षित डोळेही फसले. टाळ्या! मग माइक माझ्यापुढे आला. भाऊजी समोरच बसले होते. त्यांच्या बाजूला टिटवी. सगळं खरं माझ्या जिभेवर होतं, आणि माझी जीभ काही साधी नाही, तिला खात्यात मुख्य अभियंता घाबरायचा. मी टिटवीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. हात मांडीवर घेऊन ताठ बसली होती, सूचना दिल्याप्रमाणे.

मी म्हणालो, "नाटकच होतं ते. उभा जन्म सरकारी नोकरीत काढला, न हलता पडून राहायची सवय आहे." सभागृह हसून लोटपोट झालं. सगळ्यांत जोरात भाऊजी हसले. मग शिट्टीसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी तोंडावर, सांगितलं की मुलींना घेतो आणि तुमची मुलगी या कामाची आहे. भाऊजींनी शब्द पाळला. आडवे आले नाहीत. दुकानाला नवीन माणूस शोधायला लागले.

महिन्याभराने टिटवी प्रशिक्षणाला लागली. केस कापले, बूट आले. पहिला आठवडा संपल्यावर ती घरी भेटायला आली, तेव्हा हिने तिला जवळ घेऊन तिची दृष्ट काढायचीच बाकी ठेवली होती. मला आनंद झाला, होणारच. एवढ्याचसाठी तर मेलो होतो. आमच्या सोसायटीतली पहिली नोकरी! ती गाड्यांबद्दल सांगत होती, पाण्याचा दाब किती असतो, नळी किती जड असते. तिचे डोळे चमकत होते. मी ऐकता ऐकता, बोलायला काहीतरी म्हणून, विचारलं, "काय गं टिटवे, परत तसंच झालं तर? मी नाही, मी आता मरायला येणार नाही. दुसरा कुणी पडलेला दिसला तुला, तर?"

ती नळीबद्दल बोलत होती ती थांबली.

"त्याच्या गळ्यात कुठली आहे?"

"काय कुठली?"

"चिठ्ठी, मामा."

"काळी समज."

"मग शेवटी," ती म्हणाली.

रागाने म्हणाली असती, डोळा मारून म्हणाली असती, तरी चाललं असतं मला. पण तिने ते चांगल्या विद्यार्थ्यासारखं, पटकन आणि बरोबर सांगितलं, आणि पुढे पाण्याच्या दाबाबद्दल बोलायला लागली.